विकास योजना : नकाशा कोणाचा, जमीन कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘विकास’ हा शब्द कार्यकर्त्यांच्या कानावर रोजच पडतो. ‘विकास योजना’ हा शब्द मात्र बहुधा एखाद्या वस्तीपुढे बुलडोझर येऊन उभा राहिल्यावरच ऐकू येतो. मग मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते आणि संबंधित अधिकारी शांतपणे एक नकाशा पुढे करतो. ही जागा रस्त्याच्या रुंदीकरणात गेली आहे, योजना मंजूर होऊन बारा वर्षे लोटली, हरकतींची मुदत केव्हाच संपली, असे त्याचे उत्तर असते. ते कायद्याला धरून असते, म्हणूनच अधिक बोचते. वस्तीची लढाई त्या दिवशी सुरू होते असे कार्यकर्त्यांना वाटते. वस्तुतः कोणीही हरकत न घेतल्यामुळे ती बारा वर्षांपूर्वीच हरलेली असते.

म्हणून योजनांचे प्रकार समजून घेणे हे केवळ तज्ज्ञांचे काम नाही. कोणती योजना कोण करतो, तीत काय ठरते आणि नागरिकाला तीत शिरण्याचे दार नेमके केव्हा उघडते, एवढे तीन प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याला विचारता आले पाहिजेत.

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. समाजवादी चळवळीने नियोजनाची चर्चा पुष्कळ केली. पण ती प्रामुख्याने पैशाच्या नियोजनाची होती. १९५१ ते २०१७ या काळातील पंचवार्षिक योजना आणि जिल्ह्यांच्या वार्षिक योजना पैसा कोठे जाईल हे ठरवतात. जमीन कोणाच्या वाट्याला जाईल हे ठरवणाऱ्या योजना वेगळ्या आहेत. त्यांचा कायदेशीर इतिहास या भागात जुना आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने नगररचना योजना आणल्या; १९५४ च्या अधिनियमाने नगरपालिकांवर संपूर्ण शहराची विकास योजना करण्याचे बंधन घातले; आणि १९६७ च्या जानेवारीत अमलात आलेल्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने या सर्वांना एका चौकटीत बसवले. या चौकटीत प्रादेशिक योजना, विकास योजना, नगररचना योजना आणि नवीन नगरे अशा चार गोष्टी मुख्य आहेत.

प्रादेशिक योजना सर्वांत विस्तृत असते. शहरे, खेडी, शेती, वने, उद्योग आणि दळणवळण यांची एकत्र मांडणी तीत अपेक्षित आहे. महाराष्ट्रात या विचाराला चालना दिली ती धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. मुंबई आणि पुण्याच्या वाढीचा प्रश्न त्या शहरांच्या हद्दीत सुटणार नाही, त्यासाठी सभोवतालच्या प्रदेशाचा विचार केला पाहिजे, अशी या समितीची १९६६ मधील भूमिका होती. पुढे मुंबई महानगर प्रदेशाची योजना तयार होऊन १९७३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. बेटावरील कचेऱ्यांचा आणि लोकसंख्येचा भार खाडीपलीकडे न्यावा, हा तिचा गाभा होता. परंतु याच काळात नरिमन पॉइंट येथे समुद्रात भर टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहत होते आणि राज्य शासनाने स्वतःचे मंत्रालयही बेटावरून हलवले नाही. योजना एक दिशा दाखवीत होती आणि जमिनीचा बाजार दुसऱ्या दिशेने जात होता. शासन कोणत्या बाजूला उभे राहिले, हे त्या मनोऱ्यांकडे पाहिले की समजते.

खाडीपलीकडे जे घडले तो नवीन नगराचा प्रकार होय. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या परिसरांतील ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी निश्चित करण्यात आली. येथे योजनाकार, जमिनीचा मालक आणि विक्रेता एकच संस्था असते. याचा लाभ असा की जमिनीच्या वाढत्या किमतीतून रस्ते, पाणी, शाळा यांचा खर्च भागवता येतो. दोष असा की ज्या आगरी, कोळी आणि कराडी शेतकऱ्यांच्या जमिनीतून ही किंमत निर्माण झाली, त्यांच्या हाती केवळ मोबदल्याची तुटपुंजी रक्कम आली. या अन्यायाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा भूमिपुत्रांना देण्याचे तत्त्व या बलिदानानंतरच मान्य झाले. ते मूळ नकाशावर कोठेही नव्हते. ते लोकांनी त्यावर लिहायला लावले.

मंजूर झालेली योजनाही मागे घेता येते, याचा दाखला शेजारच्या गोव्यात सापडतो. तेथे २००६ मध्ये जाहीर झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ने डोंगरउतार, शेती आणि हिरव्या पट्ट्यांतील जमिनी मोठ्या प्रमाणात बांधकामासाठी खुल्या केल्या होत्या. नागरिकांनी गावोगावी नकाशे उलगडून वाचले, आपल्या गावात कोणती जमीन कोणत्या रंगात गेली हे लोकांना दाखवले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनापुढे जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्याचा मसुदा ग्रामपंचायतींकडे मत मागण्यासाठी पाठवावा लागला, ही त्या आंदोलनाची मोठी कमाई होय.

शहरातील कार्यकर्त्याचा नित्य संबंध येतो तो विकास योजनेशी. ही योजना संपूर्ण पालिका क्षेत्रासाठी असते आणि साधारणतः वीस वर्षांचा विचार करते. प्रथम जमिनीच्या विद्यमान वापराची पाहणी होते. मग निवासी, व्यापारी, औद्योगिक असे विभाग पडतात. आणि शाळा, दवाखाना, मैदान, मंडई, रस्ता यांसाठी आरक्षणे टाकली जातात. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी महिना-दोन महिन्यांची मुदत मिळते, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि अखेरची मंजुरी राज्य शासन देते. वीस वर्षांचे भवितव्य ठरवणारे हे दार इतका अल्प काळ उघडे असते!

त्या काळात दक्ष राहिले तर काय होऊ शकते, हे मुंबईत २०१५ मध्ये दिसले. २०३४ पर्यंतच्या योजनेचा मसुदा प्रसिद्ध होताच नागरिकांच्या संघटनांनी त्यातील विद्यमान वापराच्या नोंदींमधील ढोबळ चुका उघड केल्या. शासनाला तो मसुदा बाजूला ठेवावा लागला; नवा मसुदा २०१६ मध्ये आला आणि अंतिम मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. वस्तीचे अस्तित्वच नकाशावर नोंदले गेले नाही, तर त्या वस्तीला शाळा आणि पाणी कोठून मिळणार? म्हणून पाहणीच्या नकाशाला अंतिम नकाशाइतकेच महत्त्व आहे.

परंतु आरक्षण नकाशावर आले म्हणजे मैदान मिळाले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. योजनेत जमीन दाखवली जाते. ती घेण्यासाठी लागणारा पैसा अंदाजपत्रकात असतोच असे नाही. अधिनियमाच्या १२७ व्या कलमाप्रमाणे अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक सूचना बजावू शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत आरंभी सहा महिन्यांची होती. पुढील दुरुस्त्यांनी ती चोवीस महिन्यांपर्यंत आली. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे, अशा आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. तात्पर्य, पालिकेची फाईल एका टेबलावर पडून राहिली की मुलांचे मैदान कायदेशीररीत्या नाहीसे होऊ शकते. अशा वेळी मोर्चा उपयोगी पडत नाही. दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आरक्षणांची यादी घेऊन अंदाजपत्रकाच्या सभेत उभा राहणारा नगरसेवक उपयोगी पडतो.

नकाशाइतकीच परिणामकारक असते ती त्याच्याबरोबर येणारी विकास नियंत्रण नियमावली. चटई क्षेत्र किती, कोणाला वाढवून मिळेल, कारखान्याच्या जमिनीवर पुढे काय होईल, हे तीत ठरते. मुंबईच्या गिरणगावाचा निकाल या नियमांच्या एका पोटकलमात लागला. १९८२ च्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे आयुष्य विस्कटले. मागे उरली गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमावलीत ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये त्या नियमात फेरफार झाला आणि ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन तीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांना अनुकूल असलेला अर्थ मान्य केला. कामगारांच्या घरांची आणि शहराच्या मैदानांची जमीन गेली ती एका नियमाच्या शब्दरचनेतील बदलामुळे. त्या बदलाच्या वेळी चळवळीचे लक्ष कोठे होते, हा प्रश्न अप्रिय असला तरी टाळता येणार नाही.

नगररचना योजना हा यांतील सर्वांत जुना आणि महाराष्ट्रात पुढे दुर्लक्षित झालेला प्रकार. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले ही उपनगरे अशाच योजनांतून आखली गेली. एका विभागातील वेडेवाकडे भूखंड एकत्र करायचे, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत करायची, अशी तिची रीत आहे. जमिनीच्या वाढीव किमतीपैकी निम्म्यापर्यंतचा हिस्सा सुधारणेसाठी वसूल करता येतो. गुजरातने १९७६ च्या आपल्या कायद्याखाली ही पद्धत अहमदाबादेत सातत्याने चालवली. समाजाच्या श्रमातून वाढलेली किंमत समाजाकडे परत आली पाहिजे, हे तत्त्व समाजवादी विचाराला परके नाही. मात्र या योजनेत भूखंडाच्या मालकाला जागा आहे, भाडेकरू आणि कूळ यांना पुरेशी नाही, ही तिची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे.

या सर्व प्रकारांत शेवटचा शब्द राज्य शासनाचा आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींमधून असावेत असे ठरवले. प्रत्यक्षात महानगरांच्या नियोजनाची सूत्रे राज्य शासनाच्या नियंत्रणाखालील प्राधिकरणांकडेच राहिली. विकेंद्रीकरणाची मागणी ग्रामपंचायतींपुरती करून थांबता येणार नाही. ती या समित्यांपर्यंत नेली पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम यावरून स्पष्ट होते. प्रत्येक शाखेकडे आपल्या प्रभागाचा मंजूर नकाशा आणि आरक्षणांची यादी असावी. कोणते आरक्षण केव्हा दहा वर्षांचे होते याची नोंद असावी. राजपत्रात येणाऱ्या फेरफारांच्या सूचना वाचण्याची जबाबदारी एका साथीवर असावी. हे काम रटाळ आहे, त्यात घोषणा नाहीत. पण मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेद्वारे गोरेगावजवळ दिंडोशी येथे अतिरिक्त जमिनीवर हजारो कुटुंबांना हक्काची घरे मिळवून दिली, ती १९७६ च्या कमाल जमीनधारणा कायद्याचा काटेकोर अभ्यास आणि चिवट संघर्ष यांच्या बळावरच. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला. त्यामुळे जमिनीवरील सामाजिक हक्क सांगण्याचे जे थोडे मार्ग उरले आहेत, त्यांत विकास योजनेचे मोल वाढले आहे.

बिल्डरांच्या कचेरीत नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. तो पक्षाच्या शाखेतही टांगलेला असला पाहिजे, आणि त्यावरील प्रत्येक हिरवा चौकोन कोणाचा आहे हे शाखेतील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.