पोकळीत उपजणारे जुळे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या सभेत माझे कित्येक जुने विद्यार्थी बसले आहेत. ‘पदार्थ निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही’ हे वाक्य मी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे घोकून घेतले. एका मुलाने विचारले, “मास्तर, मग पहिला पदार्थ आला कोठून?” मी त्यास बाकावर उभे केले. आज ते वाक्य मला दुरुस्त करावयाचे आहे.

पचमढी आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना सरकार उन्हाळ्यात तेथे जात असे. तेथेच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आरशांच्या दुर्बिणींचा समूह उभारला होता. अंधाऱ्या रात्री आकाशात निमिषार्धात लोपणारा निळसर उजेड त्या टिपीत. तो उजेड कशाचा? अवकाशातून आलेला गामा किरण हवेतील एखाद्या अणुगर्भाच्या प्रबळ विद्युत्क्षेत्रातून जाताना नाहीसा होतो, आणि त्याच्या जागी दोन कण उपजतात: एक इलेक्ट्रॉन व दुसरा त्याचाच जुळा, परंतु धन विद्युतभाराचा पॉझिट्रॉन. हे कण किरणात दडलेले नव्हते बरे! ते तेथेच जन्मास येतात. धावता धावता ते नवे किरण सोडतात, त्या किरणांतून पुन्हा जुळी. असा कणांचा वर्षाव होतो, आणि त्यांच्या वेगामुळे हवेत तो उजेड पडतो. या वर्षावाचे गणित 1937 साली होमी भाभा यांनी हाइटलर यांच्यासह मांडले. भाभा तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

यावर कोणी म्हणेल, शून्यातून सृष्टी हे आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते. पूर्वजांविषयी मला आदर आहे, परंतु येथे फुकट काही मिळत नाही. एका जुळ्याची किंमत 10 लाख 22 हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट. किरणापाशी तेवढी ऊर्जा नसेल तर जन्म नाही.

किरणही नको, निव्वळ पोकळीत विद्युत्क्षेत्रच वाढवीत नेले तर? तरीही जुळी उपजतील, आणि किंमत ते क्षेत्र चुकवील, असा हिशेब श्विंगर यांनी 1951 साली केला. मात्र त्यासाठी मीटरमागे 13 वर 17 शून्ये इतके व्होल्ट हवेत. कोरडी हवा 30 लाखांतच हार खाऊन ठिणगी पाडते! एवढे स्थिर क्षेत्र प्रयोगशाळेत अद्याप कोणासही उभे करता आलेले नाही.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनी वहीत ‘पदार्थ’ खोडून ‘पदार्थ व ऊर्जा यांची मिळून बेरीज’ असे लिहावे. बाकावर उभा राहिलेला तो मुलगा येथे असेल, तर त्याने सभेनंतर मला भेटावे. त्याच्या प्रश्नाचे पुरते उत्तर मजजवळ अजूनही नाही. परंतु प्रश्न योग्य होता, एवढे त्यास सांगावयाचे आहे.