हौशे, नवशे, गवशे

जत्रेला जाणाऱ्या माणसांचे तीन वर्ग आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवले आहेत: हौशे, नवशे आणि गवशे. हौशे गंमत पाहावयास जातात, नवशे नवस फेडावयास जातात आणि गवशे गर्दीत काही हाती लागते का, या शोधात असतात. श्रोतेहो, गेल्या वीस-बावीस वर्षांत आपल्याकडे एक नवी जत्रा भरू लागली आहे. ती पहाटे जमते, सूर्य वर येण्याच्या सुमारास रंगात येते आणि गावाची न्याहारी आटोपण्यापूर्वी उठते. तिला आपण सरसकट मॅरेथॉन म्हणतो, मग अंतर पाच किलोमीटरचे का असेना. वस्तुतः मॅरेथॉन एकच, ४२ किलोमीटर १९५ मीटरची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते अंतर प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये ते कायमचे ठरले. पण ज्या समाजाने वनस्पती तुपाच्या प्रत्येक डब्याला एकाच छापाचे नाव बहाल केले, त्याच्याकडून याहून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा कशाला करावी?

पुण्याची शर्यत १९८३ पासूनची. मुंबईची २००४ साली सुरू झाली, दिल्लीची अर्धमॅरेथॉन २००५ साली, साताऱ्याची डोंगरातील अर्धमॅरेथॉन २०१२ साली. त्यानंतर हे लोण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. पूर्वी मोठ्या माणसाला रस्त्याने धावताना पाहिले, की मागे कुत्रे लागले आहे की सावकार, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडे. आता तो नुसता विचारतो, "किती झाले?"

या जत्रेतील हौशे कोण, हे सांगणे सोपे आहे, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. चाळिशीकडे झुकलेला वा ती ओलांडलेला, खुर्चीवर बसून पोट भरणारा आणि म्हणूनच ते पोट कमी करण्याच्या चिंतेत असलेला हा इसम. त्याला जिंकावयाचे नसते. एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत पुरे करणे हे त्याचे एव्हरेस्ट. त्यासाठी तो महिनेच्या महिने पहाटे साडेचारला उठतो, आणि घरातील मंडळींना तो उठल्याचे कळू नये म्हणून अंधारातच बुटांचे बंद बांधतो.

परंतु हा माणूस एकटा फार दिवस टिकत नाही. त्याला टोळी लागते. धावण्याच्या शास्त्रातील एक नियम या टोळीच्या पथ्यावर पडला आहे. सरावाचे बहुतांश धावणे, धावता धावता पुरे वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने करावे, असे जाणकार सांगतात. दम लागून वाक्य तुटू लागले, की वेग जास्त झाला. म्हणजे गप्पा मारणे हा येथे वेळेचा अपव्यय नसून सरावाचा भाग आहे. आपल्या माणसांना याहून सोयीचा नियम कोणता सापडणार? मुलांच्या परीक्षा, सासूचे गुडघे, नव्या बुटांच्या किमती, घराचे हप्ते, सारे विषय दहा किलोमीटरमध्ये निघतात. समोर पाहत धावायचे असल्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, आणि त्यामुळे समोरासमोर बसून जे बोलवत नाही तेही येथे बोलले जाते.

सरकारी नोकरीत वर्षे घालवलेल्या माणसाला या टोळीचे आणखी एक अप्रूप वाटते. कचेरीत नावाच्या आधी हुद्दा येतो. येथे माणूस ओळखला जातो तो त्याच्या गतीवरून. किलोमीटरला सहा मिनिटे घेणारे सारे एका पंक्तीचे, मग त्यांत न्यायाधीश असो, रिक्षाचालक असो वा शाळेतील बाई असोत. वयाने मोठा असेल तर तो काका, नाहीतर दादा. स्त्री असेल तर ताई. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे बदलून गेलेला मराठी माणूस पूर्वी प्रथम महाराष्ट्र मंडळाचा पत्ता विचारी. आता त्याच दमात, पहाटे येथे कोण धावते, हेही तो विचारतो. दिल्लीत गेला, तर लोदी बागेत त्याला सोबत मिळते, आणि हवा पाहून धावावयाचे हेही तेथे शिकावयास मिळते. तेथील अर्धमॅरेथॉन नोव्हेंबरच्या धुरकटलेल्या हवेत होत असे. अलीकडे ती ऑक्टोबरात होऊ लागली आहे.

शर्यत संपल्यावर हौश्यांचा आवडता वाद असतो तो अंतराचा. मनगटावरील घड्याळ २१.३ किलोमीटर दाखवते आणि आयोजकांनी जादा पळवले म्हणून तक्रार सुरू होते. यात आयोजक बहुधा निर्दोष असतो. प्रमाणित मार्ग मोजतात तो सायकलने. पुढच्या चाकाला आकडे मोजणारे एक छोटे यंत्र जोडलेले असते. पोलादी फितीने मोजलेल्या सरळ रस्त्यावर ती सायकल आधी चालवून किलोमीटरला किती आकडे पडतात हे ठरवतात, आणि मग वळणांवर आतल्या अंगाने, धावणाऱ्याला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, सारा मार्ग मोजतात. त्यावर हजार मीटरमागे एक मीटर मुद्दाम वाढवतात, म्हणजे मार्ग चुकूनही आखूड भरू नये. अर्धमॅरेथॉनमध्ये हे एकवीस मीटर झाले. बाकीचे जादा अंतर आपणच सरबतासाठी रस्ता ओलांडून आणि वळणांना बाहेरून वळसा घालून कमावलेले असते.

साताऱ्याचा मार्ग मात्र वादाला सवड देत नाही. सप्टेंबरात, कासच्या पठारावर फुले येण्याच्या दिवसांत ही शर्यत होते. गावातून यवतेश्वरच्या घाटाने जवळजवळ निम्मे अंतर चढावयाचे, आणि आल्या वाटेने परत उतरावयाचे. धुके, भुरभुर पाऊस आणि घसरडा रस्ता. जाण्यायेण्याची वाट एकच असल्यामुळे तेथे एक गोष्ट घडते, जी वर्तुळाकार मार्गावर घडत नाही. आम्ही हौशे अजून चढणीवर धापा टाकीत असतो, आणि समोरून पहिली मुले उतरत येतात. सडसडीत, उन्हाने रापलेली, पाय जमिनीला लागतो की नाही असा संशय यावा अशी. आमच्यातले सगळे टाळ्या वाजवतात. ती मुले पाहत नाहीत. त्यांना पाहावयास सवड नसते.

हे आपले गवशे. आणि येथे आपल्या जुन्या शब्दावर अन्याय होतो, असे मला वाटते. ही मुले दुष्काळी तालुक्यांतून, वाड्यावस्त्यांवरून येतात. महाराष्ट्रात पोलीस भरतीसाठी मुलाला १६०० मीटर आणि मुलीला ८०० मीटर धावावे लागते. त्या तयारीतून त्यांचे पाय तयार झालेले असतात. कोणत्या गावी कोणत्या रविवारी शर्यत आहे आणि तिसरे बक्षीस किती रुपयांचे, हे त्यांना तोंडपाठ असते. ती आदल्या रात्री एस.टी.ने येतात आणि मिळेल तेथे पथारी टाकतात. आमची हौस, त्यांचे मात्र शिक्षणाचे, खुराकाचे पैसे त्यात असतात.

हौशी या शब्दाला एकेकाळी मोठी प्रतिष्ठा होती. इंग्लंडात १८६० नंतरच्या दशकात ज्यांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली, त्यांनी कारागीर आणि मजूर यांना तीतून चक्क वगळले होते. ते कलम १८८० साली गेले. आपल्याकडचा आरंभ मात्र उलटा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा संघ पाठविण्याची खटपट उभी राहिली. त्या मॅरेथॉनमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. तेव्हापासून आजपर्यंत आपली धाव याच मातीतून आली आहे. माण तालुक्यातील ललिता बाबर या मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या येत गेल्या आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पुरी केली. तो त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम होता.

नवश्यांविषयी थोडेच सांगतो. कोणी हृदयविकारातून उठलेला असतो, कोणी एखाद्या संस्थेसाठी देणगी जमवीत धावत असतो. पण बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या लता करे यांना कोणत्या वर्गात घालावयाचे? साठी उलटलेल्या या बाई पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांची धाव नवसही होती आणि गरजही.

आता मोठ्या शहरांतील अनेक शर्यतींचे प्रवेशशुल्क हजार रुपयांच्या वर गेले आहे. त्यात सदरा येतो, पदक येते, छायाचित्र येते. आम्हाला ते परवडते. ज्याच्यासाठी आम्ही टाळ्या वाजवतो त्याला परवडत नाही. काही आयोजक अशा मुलांना विनाशुल्क घेतात. सर्वांनीच तसे करावे, आणि बक्षिसे पहिल्या तिघांवर न थांबवता दहाव्यापर्यंत उतरती द्यावीत, असे माझे मत आहे. रक्कमही तिथल्या तिथे मिळावी. तालुक्याच्या शर्यतींत होते ते असे, की हौशे पदक गळ्यात घालून, पोहे खाऊन, छायाचित्रे काढून नऊपर्यंत घरी जातात. बक्षीस समारंभ प्रमुख पाहुण्यांसाठी अडलेला असतो. मांडवात उरतात ती अंगावरचा घाम वाळलेली पाचपन्नास पोरे. त्यांतला एखादा अधूनमधून उठून रस्त्यापर्यंत जातो, एस.टी. दिसते का पाहतो, आणि परत येऊन बसतो.