आपला प्रतिनिधी कोण निवडतो?
(वर्धापन दिनाच्या सभेतील भाषण)



राखीव जागांचा विषय निघाला की आपण पहिल्यांदा आकडा विचारतो. किती जागा? पण त्या जागेवर मत कोणाचं, हे कोणी विचारत नाही. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

देश पारतंत्र्यातून लोकशाहीकडे निघाला होता. इंग्रज गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती जाणार, हा बाबासाहेबांचा गोलमेज परिषदेतला सवाल होता. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मते दिली. एक आपल्या स्वतंत्र मतदारसंघात, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. म्हणजे आपला माणूस आपणच निवडायचा, आणि सवर्ण उमेदवारालाही मतासाठी आपल्या वस्तीत यावं लागणार! स्वतंत्र मतदारसंघाने समाज कायमचा वेगळा पडेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण त्यावर उतारा म्हणूनच ते दुसरे मत होते. आपल्यापैकी पुष्कळांना ते आज ठाऊकसुद्धा नाही.

मग गांधीजींचे उपोषण झाले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार. प्रांतिक विधिमंडळांत १४८ जागा ठरल्या, निवाड्यातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. आकडा वाढला, स्वतंत्र मत गेले. आधी आपल्या मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चौघांतला एक सर्वांनी मिळून निवडायचा. आता बघा, चौघांत चौथा आलेला माणूससुद्धा इतरांच्या मतांवर आमदार होऊ शकतो!

१९४६ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जवळजवळ धुव्वाच उडाला. बाबासाहेबांना घटना समितीत बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडलांच्या साहाय्याने जावे लागले. १९४७ च्या निवेदनात त्यांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. घटनेत आल्या त्या संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा, त्याही दहा वर्षांच्या मुदतीने. १९५२ ला मुंबईत घटनेचा शिल्पकारच लोकसभेला पडला.

यापुढची गोष्ट आपल्या घरातली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जात ही हिंदूंपुरती, आणि काही शीख जातींपुरती, ठेवली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, आणि कायद्याच्या लेखी आपण त्या यादीबाहेर गेलो. १९६० साली महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या खऱ्या, पण लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा राज्याच्या हातात नव्हत्या. त्यासाठी १९९० चा केंद्राचा कायदा यावा लागला. मधली ३४ वर्षे भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’, असं किती घरांत होतं ते ज्येष्ठांना विचारा. ज्यांनी तसं लिहिलं त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. पोराच्या पोटाचा प्रश्न होता.

आता राखीव जागांची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. तेव्हा पुन्हा आकड्याचीच चर्चा होईल. तिकीट कोण वाटतं, राखीव जागेवरचा माणूस निवडून आल्यावर कोणाचं ऐकतो, हे विचारायची तयारी आतापासून करू या. पुढच्या रविवारी वंदनेनंतर पुणे कराराची कलमे इथे वाचून दाखवू. कॉलेजच्या मुलामुलींना जरूर पाठवा.