बाहुली चुकते, मूल शिकवतं



शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव आठवतात ना?
त्यांचे वडील य. के. पाध्ये यांच्यापासून चालत आलेला हा बोलका बाहुला.
मोठ्यांना तोंडावर उलट बोलायचा…
आणि मुलं खूश!

पुढे 2006 मध्ये टीव्हीवर मुलांसाठी बाहुल्यांचं ‘गली गली सिम सिम’ आलं.
त्यातली बाहुली चमकी पाच वर्षांची.
अंगावर शाळेचा गणवेश…
दोन वेण्या…
आणि प्रश्नांची सरबत्ती!

मुलांना अशी बाहुली आपली का वाटते?
कारण बाहुली चुकते.
गुरुजी चुकले, तर मूल गप्प बसतं.
बाहुली चुकली, की मूल ओरडून सांगतं.
म्हणजे बाहुली चुकते… आणि मूल तिला शिकवतं.
माझ्या मते, नुसत्या गोड बोलणाऱ्या बाहुलीचा मुलांना लवकर कंटाळा येतो.

टीव्हीच हवा असं नाही, बरं का.
जुना पायमोजा घ्या.
डोळ्यांच्या जागी दोन बटणं शिवा.
हात आत घाला.
चार बोटं वरचा ओठ, अंगठा खालचा.
आता मोज्याला विचारू द्या,
“लोणारचं सरोवर म्हशींनी खणलं का हो?”
मुलं ओरडतील, “नाही! उल्का पडली!”
मग मोज्यानं लगेच विचारावं,
“उल्का? ती कोणत्या झाडावरून पडली?”