गाडीतील कारपेट काढा, तळाच्या पत्र्याला लेप द्या

(गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



धानाच्या शेतीत बैलबंडीच्या जोडीला आता जीप आणि पिकअप आली आहे. रोवणीच्या दिवसांत मजुरांना बांधीवर नेणे, पऱ्ह्यांच्या जुड्या वाहणे, गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या बाजारातून खताची पोती व औषधाचे डबे आणणे, मामा तलावातील मासळी बाजारात पोचविणे, अशी सगळी कामे तीच गाडी करते. संध्याकाळी त्याच गाडीत घरची लेकरे बसून नातेवाइकांकडे जातात. आपण इंजिनचे ऑइल वेळेवर बदलतो, टायर पाहतो. पायाखालच्या कारपेटकडे मात्र गाडी विकायला काढेपर्यंत कोणी बघत नाही. आज त्याविषयीच थोडे बोलणार आहे.

कारपेटखाली काय चालते?

आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या काळात चिखलाचे पाय गाडीत येतात. कारपेट व त्याखालचा नमदा हे पाणी शोषून घेतात. वरून कारपेट कोरडे लागते, पण खालचा नमदा कित्येक दिवस ओला राहतो. लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी व हवा एवढेच पुरते. त्यात खताचे दाणे सांडले की काम आणखी बिघडते. युरिया हवेतील ओल ओढून घेतो. पोटॅशमधील क्लोराइड आणि अमोनियम सल्फेट यांसारखे क्षार गंजाचा वेग वाढवितात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो आणि पत्रा पापुद्र्यांनी सुटू लागतो. पिकावरचा तांबेरा निदान पानावर दिसतो. हा तांबेरा कारपेटखाली लपून राहतो.

दुसरी गोष्ट पत्र्यापेक्षा महत्त्वाची आहे. १९५८ साली केरळात वाहतुकीत कीटकनाशक सांडून दूषित झालेल्या गव्हाच्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर आपल्या देशात कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम आले. कीटकनाशकाचा अन्नधान्याशी किंवा जनावरांच्या खाद्याशी थेट संपर्क येईल अशी वाहतूक वा साठवण करू नये, असे हे नियम सांगतात. २०१७ मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. औषधाची बाटली गाडीत गळली तर कारपेट ते पिऊन टाकते. साबणाने वरवर पुसले तरी आतले औषध निघत नाही, आणि त्याच कारपेटवर लहान मुले अनवाणी पाय ठेवतात. लेप दिलेल्या पत्र्यावर सांडलेले औषध लगेच दिसते व ते काढता येते. लेपाचा खरा फायदा हाच आहे.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये कारपेट नव्हतेच. उघडा रंगवलेला पत्रा आणि पाणी सोडण्यासाठी तळाला बुचाची छिद्रे, अशी तिची रचना होती.

कोणी करावे, कोणी करू नये?

जी गाडी वर्षभर शेतीची कामे करते तिच्यासाठीच हा उपाय आहे. कारपेट काढल्यावर गाडीत आवाज वाढतो आणि इंजिन व सायलेन्सरची उष्णता पायाला अधिक जाणवते. म्हणून इंजिनकडील भिंतीवरचे व गिअरच्या उंचवट्यावरचे उष्णतारोधक थर काढू नयेत. फक्त घरच्या प्रवासासाठी असलेल्या मोटारीला याची गरज नाही. तिला उचलून धुता येणारी रबरी मॅट पुरे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारावे. जुलै २०१९ पासून प्रवासी मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे. अशा गाडीत आसनांखालून किंवा मधल्या उंचवट्यावरून तिच्या तारा गेलेल्या असू शकतात. त्या गाडीची आसने व कारपेट जाणकार मेकॅनिककडूनच काढून घ्यावीत.

हंगाम कोणता?

खरिपाचे धान मळून झाल्यावर फेब्रुवारी ते मार्चचा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात हवेतील ओलीमुळे लेप पत्र्याला धरत नाही आणि पॉलियुरेथेनच्या लेपात बुडबुडे येतात. मे महिन्याच्या उन्हात मिसळलेला लेप डब्यातच घट्ट होतो. हिवाळ्यात सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून दहा-अकरानंतरच हात घालावा. काम सावलीत करावे. गाडी पाच-सहा दिवस उभी राहील, असा बेत आधीच आखावा.

लेप कोणता घ्यावा?

१) साधा ऑइल पेंट स्वस्त पडतो, पण चपला व पोत्यांच्या घासण्याने लवकर निघतो.

२) डांबर उन्हाळ्यात मऊ होते, वास सोडते आणि डिझेलने विरघळते. बसण्याच्या जागेत ते लावू नये.

३) जळके ऑइल चोपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ते घसरडे, ज्वलनशील व अपायकारक असते. धान्य वाहणाऱ्या गाडीत तर मुळीच वापरू नये.

४) इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पिकअपच्या हौद्यासाठी मिळणारा दोन डब्यांचा पॉलियुरेथेन लेप ही जोडी टिकाऊ आहे. प्रायमर पत्र्याला घट्ट धरतो आणि वरचा लेप थोडा लवचीक असल्याने पत्रा हलला तरी तडकत नाही.

लेप किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. तळ सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद असेल तर क्षेत्र २७ चौरस फूट, म्हणजे सुमारे अडीच चौरस मीटर भरते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर ओला थर देण्यास एक लिटर लेप लागतो. वळणे व उंचवटे धरून तीन लिटर घ्यावा. डब्यावर घन भाग आकारमानाने ६० टक्के लिहिला असेल, तर एक मिलिमीटर ओला थर वाळून ०.६ मिलिमीटर उरतो, हे लक्षात ठेवावे.

आधी पाण्याची वाट शोधा

बॅटरीची ऋण तार सोडून मग आसने व कारपेट काढावे. बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. त्यानंतर एकाने आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून काच, दरवाजे व छतावर पाणी ओतावे. काचेचे किंवा दाराचे रबर, दाराच्या तळाची बुजलेली छिद्रे, एसीची तुंबलेली नळी यांपैकी कुठून पाणी येते ते पाहावे. आधी गळती बंद करावी. गळकी बोडी न बुजवता तिच्यात पाणी भरत राहण्यात काही अर्थ नसतो.

नंतर पत्रा तपासावा. हलक्या हातोडीने ठोकल्यास चांगला पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. शंका येईल तेथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. आसनांचे बोल्ट, सीट-बेल्टची जागा किंवा खालच्या चासीजवळ टोक आत शिरले, तर तेथे लांबी भरून लेप देऊ नये. तो पत्रा कापून नवा जोडून घ्यावा. अपघातात सीट-बेल्ट त्याच पत्र्याच्या जोरावर माणसाला धरून ठेवतो. सडका भाग लेपाखाली झाकणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळणे होय. पत्र्याखालून डिझेलच्या व ब्रेकच्या नळ्या जातात, म्हणून वेल्डिंग गॅरेजमध्येच करून घ्यावे.

पत्र्याची तयारी

शेताची मशागत जशी, तसे पीक. लेपाचेही तसेच आहे. डबा कितीही भारी घेतला तरी पत्रा तयार नसेल तर तो निघून येणार.

१) प्रथम साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा. आधी घासले तर तेल पत्र्यावर पसरते.

२) खताचे क्षार जाण्यासाठी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे व उन्हात पूर्ण वाळवावे.

३) सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून ८० व नंतर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. चांगल्या रंगाची चकाकी घालवावी. तो सगळा खरवडण्याची गरज नाही.

४) धूळ पुसून उघड्या पत्र्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा. रात्र गेली की पुन्हा गंज सुरू होतो. साध्या रेड ऑक्साइडवर दोन डब्यांचा लेप देऊ नये. त्यातील तीव्र थिनरने खालचा थर सुरकुततो.

५) बोल्टचे आटे, सीट-बेल्टच्या जागा, अर्थिंगचे टोक, पॅडल व पाण्याची बुचे चिकटपट्टीने झाकावीत.

लेप देण्याची पद्धत

लेप व हार्डनर डब्यावरील प्रमाणातच मोजून घ्यावेत. अंदाजाने ओतू नयेत. डब्याच्या कडा व तळ खरवडत तीन ते पाच मिनिटे ढवळावे. अर्ध्या तासात संपेल एवढाच लेप एका वेळी मिसळावा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, पहिला उभा आणि दुसरा आडवा. पाय घसरू नये म्हणून पहिल्या थरावर तो ओला असतानाच बारीक रबराची भुकटी किंवा धुऊन, वाळवून, गाळलेली बारीक रेती भुरभुरावी. वाळल्यावर सुटी रेती झाडून दुसरा थर द्यावा. हाताला लेप दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, परंतु पूर्ण कडक होण्यास सुमारे आठवडा लागतो. तोवर गाडी धुऊ नये व पोती लादू नयेत.

जिवाची काळजी

हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. म्हणून घरी फवारा न वापरता ब्रश किंवा रोलरच वापरावा. सर्व दरवाजे उघडे ठेवावेत. तोंडाला बांधलेला दुपट्टा ही वाफ अडवीत नाही. रसायनाच्या वाफेसाठीचा मास्क, हातमोजे व चष्मा घ्यावा. जवळ बिडी, चूल वा ठिणगी नसावी. मुलांना दूर ठेवावे. मिसळलेला उरलेला लेप बंद डब्यात तापतो. तो उघड्यावर रेतीत पसरून वाळू द्यावा.

नंतरची निगा

गाडी बादलीने किंवा ओल्या फडक्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाणी तारांच्या जोडात जाते. दरवर्षी मृगाआधी मॅट उचलून तळ पाहावा आणि ओरखडा असेल तेथे घासून लेपाचा ठिपका द्यावा. मॅटखाली पाणी साचू देऊ नये.

लेप दिला म्हणून औषध व धान्य एकत्र नेण्याची मुभा मिळत नाही. औषध झाकणाच्या टबात, माणसांपासून व धान्यापासून वेगळे न्यावे. सांडलेच तर लगेच पाणी ओतू नये. हातमोजे घालून कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपावे, भरून घ्यावे व मग साबणाने धुवावे. हे पाणी विहीर, बोडी किंवा तलावाकडे जाता कामा नये.

बंधूंनो, या मृगाआधी कारपेटचा एक कोपरा तरी उचलून पाहा. खाली ओल असेल तर कारपेट बाहेर काढून वाळवा, पत्रा तपासा आणि पुढच्या फेब्रुवारीत लेपाचे काम हाती घ्या. पत्रा टिकेल, गाडीला भाव मिळेल आणि तिच्यात बसणारी लेकरे विषाच्या ओलीवर पाय ठेवणार नाहीत.