क्षेत्राची विषमता आणि मेंदूचे माप

एमआरआय यंत्र शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांची जागा त्यांच्या वारंवारतेवरून ओळखते. 1 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ही वारंवारता 42.58 मेगाहर्ट्‌झ असते. 3 टेस्लाच्या यंत्रात सुमारे 128 मेगाहर्ट्‌झ. क्षेत्रात दहा लाखांत एका भागाचा जरी फरक पडला, तरी वारंवारता 128 हर्ट्‌झने ढळते. यंत्र तो फरक जागेचाच धरते आणि ऊतक भलतीकडे दाखवते. मेंदूचे कार्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वेगवान एको-प्लॅनर पद्धतीत फेजवरून जागा ठरवण्याच्या, म्हणजे फेज-एन्कोडिंगच्या, दिशेने एका पिक्सेलच्या वाट्याला 25 हर्ट्‌झ आले, तर चूक पाच पिक्सेलची होते. पिक्सेल 2 मिलिमीटरचा असेल, तर ती 1 सेंटिमीटर भरते.

चुंबक कितीही काटेकोर असला, तरी रुग्ण आत गेला की क्षेत्र बिघडते. हवा आणि ऊतक यांच्या चुंबकग्राहितेत दहा लाखांत सुमारे 9 भागांचा फरक असतो. त्यामुळे नाकामागच्या हवेच्या पोकळ्यांवरचा आणि कानांजवळचा मेंदूचा भाग सर्वाधिक विकृत दिसतो.

पहिला उपाय शिमिंगचा. यंत्र बसवताना लोखंडाचे तुकडे लावून क्षेत्र सारखे करतात. पुढे प्रत्येक रुग्णासाठी शिम कॉइलमधील विद्युतप्रवाह जुळवतात. उरलेली विषमता मोजावी लागते. दोन वेगळ्या एको-वेळांच्या (उद्दीपनापासून संकेत टिपेपर्यंतच्या काळाच्या) प्रतिमांमधील फेजचा फरक त्या वेळांच्या अंतराने भागला, की प्रत्येक बिंदूवरील क्षेत्राचा नकाशा मिळतो. फेज 360 अंशांनंतर पुन्हा शून्यापासून मोजला जातो, म्हणून त्याची घडी आधी उलगडावी लागते. दुसऱ्या पद्धतीत फेज-एन्कोडिंगची दिशा उलटवून दोन प्रतिमा घेतात. एकीत जो भाग ताणला जातो, तोच दुसरीत आकसतो. या जोडीवरून खरी जागा काढता येते. दिशा उलटवून प्रतिमांची जोडी घेण्याची मूळ कल्पना चँग आणि फिट्झपॅट्रिक यांनी 1992 मध्ये मांडली.

सरकलेला संकेत जागेवर आणता येतो, विरलेला नाही. एकाच घनपिक्सेलमधील केंद्रके एकमेकांशी विसंगत झाली, की संकेत नाहीसा होतो. त्यावर पातळ छेद, कमी एको-वेळ किंवा स्पिन-एको हे उपाय चित्रणाच्या वेळीच करावे लागतात.

प्रतिमेच्या उजळपणातील चढउताराचे कारण वेगळे. तो प्रामुख्याने रेडिओलहरींच्या क्षेत्रातून आणि ग्राहक कॉइलमधून येतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एनफोर’ पद्धत हा दोष संथपणे बदलणारा गुणक मानते आणि लॉगरिथम घेऊन तो वेगळा काढते.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या चमूने 2019 मध्ये जाहीर केलेल्या ‘आयबीए 100’ या भारतीय मेंदूच्या नकाशासाठी 50 स्त्रिया आणि 50 पुरुष यांच्या मेंदूंचे चित्रण तीन रुग्णालयांतील तीन यंत्रांवर झाले. सरासरी भारतीय मेंदू उंची, रुंदी आणि आकारमानाने पाश्चात्त्य तसेच चिनी व कोरियन मेंदूंपेक्षा लहान आढळला. फरक मिलिमीटरांचे असतात, तेव्हा यंत्राची चूक मेंदूची रचना म्हणून नोंदली जाण्याचा धोका मोठा असतो. सरासरी काढल्याने यादृच्छिक चुका कमी होतात. पण हवेच्या पोकळ्यांजवळची विकृती प्रत्येक डोक्यात जवळपास त्याच जागी येते, म्हणून ती सरासरीतही टिकते. तिची दुरुस्ती प्रत्येक प्रतिमेवर, सरासरीच्या आधीच व्हावी लागते.