घडलेली गोष्ट कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय आहे सत्य घटनांवरचे चित्रपट. हे सिनेमाच्या परीक्षकांचं काम, आपला काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण अत्याचाराचं एखादं प्रकरण गाजलं की पटकथा लिहिणारे चौकशीला येतात ते संघटनेकडे. केसची फाईल आपल्याकडे असते, बाईचा पत्ता आपल्याकडे असतो, आणि तिचा विश्वासही आपल्यावरच असतो. तेव्हा त्यांना काय सांगायचं, याचा विचार आधी करून ठेवलेला बरा.

सुरुवात १९८१ पासून करते. अश्विनी सरीन या पत्रकाराने बायकांचा बाजार उघड करण्यासाठी एक बाई २३०० रुपयांना विकत घेतली आणि ती बातमी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आली. त्यावर तेंडुलकरांनी 'कमला' नाटक लिहिलं. पुढे जगमोहन मुंदडांनी त्याचा सिनेमा केला. तेव्हा वृत्तपत्र कोर्टात गेलं, की ही आमची कथा आहे. घडलेल्या घटनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८५ च्या निकालात म्हटलं. कायद्याने ते बरोबरच आहे. पण या भांडणात दोन्ही बाजूंना कोण होतं बघा. एकीकडे बातमी देणारे, दुसरीकडे सिनेमा काढणारे. जिची खरेदी झाली ती बाई कुठल्याच बाजूला नव्हती.

दुसरं उदाहरण 'बँडिट क्वीन'चं. फूलनदेवी अकरा वर्षं तुरुंगात काढून १९९४ मध्ये सुटली. त्याच वर्षी तिच्या आयुष्यावरचा हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. आपल्यावरचे बलात्कार आपल्या परवानगीशिवाय पडद्यावर दाखवले, म्हणून ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तिने प्रदर्शनाला मनाई मिळवली. जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या संमतीशिवाय पुन्हा उभा करायचा हक्क कुणाला आहे, हा प्रश्न अरुंधती रॉय यांनी त्याच वेळी लेख लिहून विचारला होता. नंतर पैसे देऊन तडजोड झाली आणि फूलनचा दावा संपला.

पण प्रकरण संपलं नाही. चित्रपटामुळे माझ्या जातीची बदनामी होते, अशी तक्रार घेऊन एक पुरुष कोर्टात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला तो हाच खटला! १९९६ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या बाजूने निकाल दिला. ती दृश्यं वासना चाळवण्यासाठी नाहीत, अत्याचाराबद्दल चीड यावी म्हणून आहेत, असं म्हटलं. बघणाऱ्याच्या मनात काय येतं, याचा विचार झाला. जातीच्या अब्रूचा झाला. फूलनच्या संमतीचा प्रश्न मात्र तडजोडीत मिटला तो मिटलाच.

आता भंवरीदेवी. राजस्थानातल्या भटेरी गावची ही साथीन. बालविवाह रोखायला गेली म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. तिच्या प्रकरणामुळेच पुढे १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा झाला. २००० साली मुंदडांनीच तिच्यावर 'बवंडर' काढला. त्यात नायिकेचं नाव सांवरी आहे. एका अक्षराच्या बदलाने कोण लपलं? आणि मुळात भंवरी लपलीच नव्हती, ती स्वतःच्या नावानिशी लढली. म्हणजे नाव बदललं की जबाबदारी संपली, असं नसतं. सिनेमा दोन तासांत संपतो, बाईला मात्र त्याच माणसांत राहायचं असतं.

कायदा काय म्हणतो? मथुरा प्रकरणावरच्या आंदोलनातून १९८३ च्या दुरुस्त्या झाल्या, आणि बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. आज ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. कोर्टाच्या कागदपत्रांतली माहिती एरवी छापता येते, पण अत्याचारित स्त्रीचं नाव त्याला अपवाद, असंही सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं आहे.

मग बंदी मागायची का? माझं मत नाही असं आहे. सेन्सॉरची कात्री आज आपण दुसऱ्यावर चालवायला सांगितली, तर उद्या ती आपल्याच पथनाट्यावर चालेल. शिवाय कात्री अंग उघडं दिसलं की चालते, संमती होती का हे विचारत नाही. अशा चित्रपटांमुळे प्रश्न चार घरांत पोचतो, हेही खरं आहे. म्हणून आपल्या हातात जे आहे तेवढ्याबद्दल बोलते.

पहिलं म्हणजे, बाईच्या वतीने संमती द्यायचा अधिकार संघटनेला नाही. फाईल आपल्या कपाटात असली तरी ती तिची आहे. तिला विचारल्याशिवाय एक कागदही बाहेर जाऊ नये. दुसरं, एकदा घेतलेला अंगठा म्हणजे कायमची संमती नव्हे. पटकथा तिच्या भाषेत तिला वाचून दाखवावी, तयार सिनेमा सगळ्यात आधी तिने बघावा, आणि मध्येच नको म्हणायची तिला मुभा असावी. तिसरं, अत्याचाराच्या प्रसंगात कॅमेरा कुठे आहे ते विचारा. तिच्या शरीरावर, की तिची तक्रार न घेणाऱ्या फौजदारावर, गप्प बसलेल्या पंचायतीवर?

चौथा मुद्दा पैशांचा. आपण तो बोलायला लाजतो. सिनेमावाला तिच्या दुःखावर कमावणार असेल तर तिने मोबदला घेण्यात काहीही गैर नाही. मात्र खटला चालू असेल तर "पैशासाठीच हिने हे केलं," असं विरोधी वकील म्हणणारच. म्हणून तिच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही नको, आणि जे ठरेल ते लेखी हवं.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर कुणी सिनेमा काढणारच नाही. नाही काढला तर नाही काढला. मुद्दा लोकांपर्यंत नेण्यासाठी बाईला पुन्हा भर चौकात उभं करायचं असेल, तर तो मुद्दा तिचा उरत नाही. तिने स्वतःहून उभं राहायचं ठरवलं, तर तिच्या शेजारी आपण आहोतच.

आपापल्या गटात यावर बोला. काही नियम ठरले तर अंकासाठी जरूर लिहून पाठवा.